आकाशाची खालची रांग

नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात तो वायरमन होता. खांबावर चढायचं, दिवा लावायचा, उतरायचं, पुढच्या खांबाकडे जायचं, यात त्याची बावीस वर्षं गेली होती. कुठला दिवा कोणत्या साली बसवला, कुठला ओल आली की ठिणग्या टाकतो, कुठल्या खांबाला हात लावण्याआधी दोनदा टेस्टर लावायचा, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. अंगाने शिडशिडीत, बोलायला कमी. एका जागी बसायचं म्हटलं की मात्र त्याच्या जिवावर यायचं. जेवतानाही त्याचा एक गुडघा हलत असे आणि आमटीत लाटा उठत. बायको म्हणायची, निदान ताट तरी स्थिर राहू द्या.

शिडी धरायला त्याला एक जोडीदार होता, वयाने पंधरा वर्षं मोठा, निवृत्तीला टेकलेला. वायरमन वर आणि जोडीदार खाली, अशी दोघांची इतकी वर्षं गेली होती की वरून नुसता हात खाली आला तरी जोडीदार त्यात बरोबर हवं ते हत्यार ठेवायचा. पकड की पाना, हे विचारावं लागत नसे.

एकोणचाळिसाव्या वर्षी एका संध्याकाळी वायरमन बाजाराच्या चौकातल्या खांबावर पट्टा बांधून काम करत होता आणि सगळ्या शहराची वीज गेली. मोठ्या केंद्रातच काहीतरी जळालं होतं. जोडीदार खालून म्हणाला, हलू नकोस, मी बॅटरी घेऊन येतो, आणि गेला. वीस-पंचवीस मिनिटं वायरमन तसाच लटकून राहिला. करायला काही नव्हतं म्हणून त्याने मान वर केली.

आकाश त्याने पाहिलं नव्हतं असं नाही. पण जे पाहिलं होतं ते दिव्यांच्या वर उरलेलं, धुवून धुवून विटलेल्या कापडासारखं. हे निराळंच होतं. इतकं भरगच्च, की दोन ताऱ्यांच्या मधली जागा बघावी तर तिथे आणखी तारे, आणि त्यांच्या मागे पीठ सांडल्यासारखा पांढुरका पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकी वर्षं उंचावर काम करणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदा गरगरलं. त्याने खांबाला मिठी मारली. मग वीज आली, चौकात पोरांनी ओरडा केला, आणि वरचं सगळं एका क्षणात पुसून गेलं. ते पुसणाऱ्या दिव्यांपैकी निम्मे त्याने स्वतःच्या हाताने बसवले होते.

त्या दिवसापासून त्याला चैन म्हणून पडेना.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याने जुना कॅमेरा घेतला. पहिल्याच फोटोत तारे रेघोट्यांसारखे ओढले गेले. पृथ्वी फिरते, म्हणजे कॅमेराही तितक्याच गतीने उलटा फिरायला हवा, हे कळल्यावर त्याने दोन फळ्या घेतल्या, एका कडेला बिजागरी ठोकली, मधून आटे पाडलेला रॉड घातला आणि तो फिरवायला एक छोटी मोटर लावली. रॉड मिनिटाला एक फेरा फिरायचा, वरची फळी केसाएवढी उघडायची आणि कॅमेरा आकाशाबरोबर सरकायचा. सहा महिने त्या फळ्यांनी त्याला रडवलं. मग एका रात्री तारे टिंबांसारखे आले.

दुसरा कुणी एवढ्यावर खूश झाला असता. पण एक फोटो म्हणजे आकाशाची एक खिडकी. त्याला सगळं घर पाहिजे होतं. कुठल्याही कोपऱ्यात शिरावं, आणखी आत शिरावं, तरी रिकामं लागू नये असं एकच चित्र. त्यासाठी आकाशाच्या चौकटी पाडायच्या, एकेक चौकट वेगळी टिपायची, शेजारच्या दोन चौकटी कडेला थोड्या एकमेकींवर चढू द्यायच्या आणि मग संगणकावर तारा ताऱ्याला जुळवून त्या जोडायच्या. त्याने कागदावर आखणी केली: आठ रांगा, रांगेत बारा, एकूण शहाण्णव चौकटी. एकेका चौकटीसाठी मिनिट-मिनिटाचे वीस फोटो घेऊन ते एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे बारीक तारे वर येत. चांगल्या रात्री तीन चौकटी व्हायच्या. चांगल्या रात्री वर्षात मोजक्याच.

जोडायचं काम मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर चाले. मुलगी कॉलेजात होती, तिनेच त्याला शिकवलं. सुरुवातीला चौकटींचे सांधे ढळढळीत दिसायचे, एक फिकी, शेजारची पिवळट, नुसती ठिगळं. मुलगी हसायची. तो हसायचा नाही. ज्या चौकटीत शहराचा उजेड शिरला ती तो पुन्हा घ्यायचा, आणखी लांब जाऊन. कारण तोवर शहरात जुने पिवळे दिवे काढून नवे पांढरे दिवे बसवणं जोरात सुरू झालं होतं, आणि ते बसवणारा हाच. दिवसा दिवा लावायचा आणि रात्री त्याच दिव्याला शिव्या घालायच्या. खात्यातले लोक म्हणत, हा आधी तारांचा होता, आता ताऱ्यांचा झाला.

लांब लांब सरकता सरकता त्याच्याकडे एकच जागा उरली. शहराबाहेरच्या टेकडीवर पाण्याचं पंपहाऊस होतं. तिथल्या विजेच्या बोर्डाची देखभाल त्याच्याकडे असल्याने किल्लीही त्याच्याकडेच असे. वर चढणाऱ्या रस्त्याला चौदा खांब होते, त्यातले अकरा दिवे कित्येक वर्षं बंद. रस्त्याच्या शेवटी पंधरा-वीस घरं. पंपहाऊसच्या छतावर उभं राहिलं की अजून बऱ्यापैकी काळोख मिळायचा. पाच वर्षांत त्याच्या सात रांगा पुऱ्या झाल्या. राहिली फक्त सगळ्यांत खालची, क्षितिजाला टेकलेली रांग. आकाशाचा तो भाग वर्षातून जेमतेम दीड महिना, रात्रीचे दोन-तीन तासच नीट वर येई.

बायकोचं नगरपालिकेसमोर झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. शहरातले सगळे अर्ज तिच्या हाताखालून जायचे, त्यामुळे काय मंजूर झालं हे खात्यातल्या साहेबांच्या आधी तिला कळे. एकदा जेवताना ती सहज म्हणाली की टेकडीवरच्या सिस्टरचा अर्ज मंजूर झाला. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली जुनी नर्स. ती एकटीच टेकडीवर राहायची आणि दुपारची ड्युटी संपवून रात्री दहानंतर स्कूटरवरून घरी जायची. रस्त्याला दिवे हवेत म्हणून तीन वर्षं ती खेटे घालत होती. चाळीस सह्या होत्या अर्जावर. बायको म्हणाली, "एक माझीही आहे. आपण तिथे राहत नाही, पण केली."

त्याचा गुडघा हलायचा थांबला. त्याने पाणी पिऊन ताट सारलं.

पुढच्याच सोमवारी चौदा फिटिंगची खोकी भांडारात येऊन पडली. त्याने दोन उघडून टेबलावर लावून पाहिली. लख्ख लागली. पांढरा उजेड भांडाराच्या कोपऱ्यातल्या जळमटापर्यंत पोचला. त्याने ती बंद केली, नोंदवही ओढली आणि लिहिलं: नमुना तपासणीत फिटिंग लुकलुकतात, सर्व माल बदलून मागवावा. खाली सही केली. दुसरी सही जोडीदाराची लागायची. जोडीदाराने चष्मासुद्धा शोधला नाही. तू लिहिलंस म्हणजे झालं, म्हणाला आणि सही ठोकली.

वायरमनने मनाशी ठरवलं होतं, आठच दिवस. अमावस्या जवळ होती. चार चांगल्या रात्री मिळाल्या की बारा चौकटी होतात, मग म्हणायचं की पुन्हा तपासली, ठीक आहेत. आठ दिवसांनी कुणाचं काय जातंय?

पण त्याच दिवशी ढग आले आणि मुक्कामाला आल्यासारखे बसून राहिले. तो दर अर्ध्या तासाने अंगणात जाऊन वर बघायचा. रात्री बिछान्यातून उठून खिडकीशी, खिडकीपासून दाराशी. बायकोला वाटलं पोटाचं काही असेल. आठाचे पंधरा दिवस झाले. इकडे पुरवठादाराचं पत्र आलं की माल चांगला आहे, साहेबांनी उलट पत्र पाठवलं की तो खराबच आहे. आपल्या दोन ओळींचं एवढं पत्रापत्रीचं लचांड होईल याची त्याला कल्पना नव्हती. आता खरं सांगावं तर हात दाखवून अवलक्षण, आणि न सांगावं तर जीव टांगणीला. मध्ये दोन रात्री ढग फाटले, पाच चौकटी झाल्या. पुन्हा ढग. सिस्टर एकदा खात्यात येऊन विचारून गेली, तेव्हा तो मागच्या दाराने भांडारात निघून गेला.

पाचव्या आठवड्यात एका रात्री आभाळ असं निवळलं की त्याच्या पाच वर्षांत तसं निवळलं नव्हतं. हवा जागच्या जागी. त्याने सहावी चौकट लावली. छत जुनं होतं, एक पाऊल टाकलं तरी कॅमेऱ्याच्या फळ्या थरथरायच्या, म्हणून वीस मिनिटं तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. आयुष्यात तो स्थिर राहिला असेल तर एवढाच.

पहिलीच दोन-तीन मिनिटं झाली असतील. खालच्या रस्त्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मग पत्रा घासत जावा तसा. त्याला वाटलं, पाइपासाठी खणलेल्या चराजवळ पत्रे उभे केलेत, त्यांतला पडला असेल. कुत्र्यांनी पाडला असेल. आणखी काही ऐकू आलं का? तो मिनिटं मोजत राहिला. चौकट पुरी झाल्यावर त्याने कठड्यावरून वाकून पाहिलं. वळणावर एक मोटार थांबली होती, माणसं उतरली होती, दिवे चालू होते. त्याला राग आला. या दिव्यांनी पुढची चौकट वाया जाणार होती. त्याने सामान गुंडाळलं आणि टेकडीच्या दुसऱ्या बाजूच्या पायवाटेने घरी गेला.

सकाळी बायको दुकान उघडून पाच मिनिटांत परत आली. सिस्टर चरात पडली होती. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, स्कूटर अंगावर. येणाऱ्याजाणाऱ्याला अंधारात दिसेना, वीस मिनिटं तशीच पडून होती, म्हणे.

किती मिनिटं, हे वायरमनला तिच्याआधी माहीत होतं.

तो तडक भांडारात गेला आणि चौदा खोकी गाडीत भरू लागला. जोडीदार बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ही बिघडलेली होती ना?"

"नव्हती."

जोडीदाराने शिडी उचलली, गाडीत बसला. त्या दिवशी वायरमनने वरून हात खाली केला तर हात रिकामाच राहिला. खाली पाहिलं तर जोडीदार शिडी घट्ट धरून दुसरीकडे बघत होता. पकड मागितली, तेव्हा दिली. चौदा खांबांवर चौदा वेळा मागून घ्यावी लागली. अंधार पडायच्या आत सगळे दिवे लागले. टेकडीवरची माणसं बाहेर येऊन बघू लागली. एका म्हाताऱ्याने, बरं झालं बाबा, असं म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला दिवसभर उचललेल्या ओझ्यापेक्षा जड वाटला.

त्याला वाटलं होतं, दिवे लागले की मन थाऱ्यावर येईल. आलं नाही. रात्री तीनदा उठला. चौथ्यांदा बायकोने दिवा लावला आणि सरळ विचारलं. त्याने सगळं सांगितलं, नोंदवहीपासून पायवाटेपर्यंत. ती ऐकत राहिली. बोलायला लागली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"मला सांगून काय उपयोग? हात माझा मोडलाय का?"

मग ती म्हणाली, "आणि शिडी धरणाऱ्या दादांची सही आहे ना खाली? चार महिन्यांवर निवृत्ती आलीय त्यांची."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. उजाडेपर्यंत तो स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर असा फिरत राहिला.

सकाळी आधी तो दवाखान्यात गेला. सिस्टर आपल्याच वॉर्डात पेशंट म्हणून पडली होती आणि ते तिला मुळीच मानवत नव्हतं. नव्या नर्सला ती सलाईनची गती कशी ठेवायची ते सांगत होती. तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. स्टूल होतं, पण बसला नाही. जे घडलं ते त्याने तोंड खाली घालून सांगितलं. फोटोचं सांगताना त्याची त्यालाच लाज वाटली, इतकं ते पोरकट ऐकू येत होतं.

सिस्टरने शेवटी विचारलं, "तेव्हा तुम्ही वर होतात?"

"छतावर."

"मी हाक मारली होती. दोन-तीनदा."

"ऐकू आली नाही," तो म्हणाला. मग थांबला. "आली असेल. मला खात्री नाही देता येत."

तिने मान भिंतीकडे वळवली. "जा आता," म्हणाली. "ड्रेसिंगची वेळ झालीय."

तिथून तो साहेबांकडे गेला. साहेब पुरवठादाराला तिसरं पत्र लिहिण्याच्या तयारीत होते. लेखी जबाब वाचून त्यांनी चष्मा काढला. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांनी तांबं चोरणारे पाहिले होते, डिझेल विकणारे पाहिले होते, पण हा प्रकार त्यांच्या कुठल्याच नियमात बसेना. आधी ते खूप बोलले. मग खरोखरच न कळल्यासारखं त्यांनी विचारलं, "अरे, पण तारे काय पळून जाणार होते?"

"तारे नाही साहेब. काळोख."

चौकशी झाली. त्याने जबाबात लिहिलं होतं की जोडीदाराला काही माहीत नव्हतं. जोडीदाराने मात्र स्वतःच्या जबाबात एक ओळ लिहिली: न वाचता सही केली, ही माझी चूक आहे. साहेबांनी त्याला समज देऊन सोडलं आणि तो वेळेवर निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी वायरमनशी बोलला तेवढं बोलला, पण पूर्वीचा जोडीदार तो नव्हता. वायरमनची वेतनवाढ रोखली, आणि वर्षभरासाठी खांबावरून उतरवून त्याला तक्रार नोंदवायच्या टेबलावर बसवलं. साहेबांना काय ठाऊक, की याहून कडक शिक्षा त्यांना शोधूनही सापडली नसती.

दहा ते सहा, खुर्ची आणि फोन. पहिल्या आठवड्यात त्याने टेबलाचे चारही ड्रॉवर दुरुस्त केले, दुसऱ्यात पंखा. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. फोन वाजला की उभं राहून बोलायचा. लोक सांगत, आमच्या गल्लीतला दिवा गेला, आणि तो मनातल्या मनात त्या खांबावर चढायचा, झाकण उघडायचा, कुठली तार सुटली असेल ते ओळखायचा आणि वहीत फक्त तारीख लिहायचा. घरी लॅपटॉप कपाटाच्या वर गेला होता. मुलगी एकदा म्हणाली, बाबा, सहाच राहिल्यात. तो म्हणाला, राहू देत.

साडेतीन महिन्यांनी एका सकाळी फोन आला. टेकडीचा रस्ता, खांब नंबर नऊ. दिव्याचा झोत सरळ झोपायच्या खोलीत येतो, दोन पडदे लावले तरी डोळ्याला डोळा लागत नाही. "अंधार होता तेव्हा हात मोडला," पलीकडचा आवाज म्हणाला, "आता उजेड आहे तर झोप मोडली."

त्याने आवाज ओळखला. "लिहून घेतो," म्हणाला.

पलीकडून प्रश्न आला, "तुम्हीच ना?"

"हो, सिस्टर."

"मग लवकर करा."

तक्रार रीतीने गेली असती तर महिना लागला असता. त्याने साहेबांकडे जाऊन रविवारी स्वतः जाण्याची परवानगी मागितली. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसून बसून हा माणूस निम्मा झालाय हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी मान हलवली. शनिवारी पत्र्याचं काम करणाऱ्याकडे बसून त्याने एक टोपी करून घेतली, दिव्याच्या वरून आणि मागून झाकणारी. शिडी धरायला कोण? तो जोडीदाराच्या घरी गेला. पेन्शनीतल्या माणसाला राबवतोस का लेका, असं जोडीदार पुटपुटला, पण चपला घालतच पुटपुटला.

सिस्टर रस्त्यावर येऊन उभी राहिली. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट पुरतं वळत नव्हतं. तिने वर मान करून हुकूम सोडायला सुरुवात केली. अजून खाली. थोडा डावीकडे. "रस्ता दिसला पाहिजे मला, पायाखालचा. माझी खिडकी दिसायची गरज नाही." दिवा लावून बघितला. रस्त्यावर उजेडाचा नीट गोल पडला, खिडकी काळी झाली, आणि गंमत म्हणजे वळणावरचा खड्डा पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागला. वायरमनने वरून हात खाली केला. हातात पाना आला, न मागता.

नऊ नंबर झाला म्हटल्यावर दहा नंबरवाल्यांनी तक्रार केली, मग सातवाल्यांनी. दोन महिन्यांत चौदाही दिव्यांना टोप्या बसल्या. साहेबांनी उजेड मोजायचं यंत्र आणून रस्त्यावर ठेवलं, आकडा वाढलेला पाहिला आणि कागदावर सही केली. वर्ष संपायच्या आधी वायरमन पुन्हा खांबावर गेला.

आकाशाचा तो भाग फिरून वर आला तेव्हा मुलीनेच लॅपटॉप कपाटावरून काढून ठेवला. तो आठ दिवस त्याच्या आजूबाजूला घुटमळला. मग गेला छतावर. टोप्यांमुळे सगळा काळोख हरवला नव्हता, पण पूर्वी जो होता तो राहिला नव्हता. क्षितिजापाशी एक दुधट झाक कायमची बसली होती. उरलेल्या सहा चौकटी त्याने त्या झाकेसकट टिपल्या. जोडल्यावर खालच्या रांगेच्या बरोबर मध्ये सांधा उमटला. डावीकडे भरगच्च, उजवीकडे विरळ. मुलगी म्हणाली की रंग ओढूनताणून दोन्ही बाजू सारख्या दिसतील असं करता येईल, कुणाला पत्ता लागणार नाही. त्याने रात्रभर विचार केला आणि नको म्हणाला.

ही गोष्ट बायकोमार्फत सिस्टरच्या कानावर गेली असावी. तिने निरोप पाठवला की तिथे छतावर काय काढत होतात, ते मला बघायचंय.

एका दुपारी तो लॅपटॉप घेऊन गेला. तिच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर आणि इस्त्री केलेला गणवेश होता. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. उजवा हात वळत नव्हता म्हणून डाव्याने चालवू लागली. आधी सगळं आकाश, मग एक कोपरा, मग त्या कोपऱ्यातला कोपरा. चित्र उघडत गेलं तशी ती खुर्चीत पुढे सरकली. दर वेळी तिला वाटे, आता संपलं, आणि आत आणखी निघे. तो खिडकीशी जाऊन आला, दाराशी जाऊन आला.

"त्या रात्रीचं यात कुठलं?"

त्याने दाखवलं. खालची रांग, डावीकडून सहावी. ती तिथे शिरली. सगळ्या चित्रात एवढी रेखीव चौकट दुसरी नव्हती. बारीकातला बारीक तारा सुईच्या टोकासारखा.

"हीच सगळ्यांत चांगली कशी?"

"हवा स्थिर होती," तो म्हणाला. "आणि मी हललो नाही."

सिस्टरने बोट तिथेच ठेवलं. मग शेजारच्या, सांध्यापलीकडच्या चौकटीवर नेलं. "आणि ही विटकी?"

"यंदाची. दिवे लागल्यानंतरची."

"ही अशीच ठेवणार?"

"हो."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उठली. दुपारच्या ड्युटीची वेळ झाली होती. गणवेश हातात घेऊन आतल्या दारापाशी ती थांबली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानेही तशी अपेक्षा ठेवली नव्हती. एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी आवाज आला, तर उठा."

"उठेन," तो म्हणाला.

तो अजूनही छतावर जातो. शहाण्णव चौकटी झाल्या, तरी त्यातल्या वीस-बावीस त्याच्या मनास येत नाहीत, त्या तो पुन्हा घेतो. पण आता खाली खुट्ट झालं की तो चौकट अर्ध्यात सोडून कठड्याशी जातो, वाकून बघतो, कधी जिना उतरून वळणापर्यंत जाऊन येतो. बहुतेक वेळा काही नसतं. तोवर फळ्या थरथरलेल्या असतात आणि तारे शेपट्या फुटल्यासारखे ओढले गेलेले. सकाळी मुलगी फोटो उघडते आणि विचारते, "बाबा, इथे परत उठलात?"

"कुत्रं होतं," तो सांगतो, आणि रात्रीच्या आभाळाचा अंदाज बघायला अंगणात जातो.